मयेकर सरांची झिंगलेली चिलटं

आमच्या शेजारचे मयेकर सर चिलटांना दारू पाजायचे.

हे मी पहिल्यांदा माझ्या नणंदेला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "कुणाला?" मी म्हटलं, "अगो चिलटांना. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती." ती म्हणाली, "वहिनी, तिकडे ऊन फार आहे का गो?" तिचाही दोष नाही. मी स्वतः बघितलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, परसात अळू लावतात, नाहीतर पुण्याला मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळतात. सरांना मूलबाळ नाही, कारण लग्नच नाही. त्यांनी मागची खोली रिकामी केली, लोणच्याच्या जुन्या बरण्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत रवा, गूळ आणि यीस्ट शिजवून ओतलं, वर कापसाचे बोळे लावले आणि आत चिलटं पाळली. आमच्याकडे जावयासाठी शिरा होतो त्याच्याहून जास्त मायेने सर तो रवा ढवळायचे. गाठी राहिल्या तर त्यांना चैन पडायचं नाही.

दर शनिवारी संध्याकाळी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन स्टँडजवळच्या दारूच्या दुकानात जायचे आणि चारचौघांत एक क्वार्टर मागायचे. लपवाछपवी नाही. एकदा रांगेत त्यांच्यापुढे त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो बिचारा ओशाळून मागे सरकायला लागला. सर त्याला म्हणाले, "थांब, थांब, तू घे आधी. मला घाई नाही. माझी मंडळी उद्या सकाळी पिणार आहेत." त्या पोराने पुढे गावभर काय सांगितलं असेल ते देव जाणे. सरांनी जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही, आणि अर्ध्या रत्नागिरीचा समज आहे की हा माणूस रविवारी सकाळी सकाळी मित्रमंडळी जमवून पितो.

माझी आणि सरांची ओळख भांडणातून झाली. मी आंबापोळीचा धंदा करते. मे महिन्यात आमची गच्ची म्हणजे ताटंच ताटं. तूप पुसलेल्या ताटांवर रस पसरायचा, वर मलमलीचं कापड ताणायचं, उन्हात वाळवायचं, दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा थर द्यायचा. या कामात माझा एकच वैरी, चिलट. तर शेजारी राहायला आलेला माणूस हौसेने चिलटं वाढवतो हे कळल्यावर माझं काय झालं असेल ते सांगायला नको. एका सकाळी कापड उचललं तर रसावर ही मंडळी बसलेली. मी पदर खोचला आणि तशीच सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन भिंग आणलं, माझ्यामागोमाग गच्चीवर आले, ताटापाशी गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "वहिनी, ही माझी नव्हेत."

"म्हणजे? नावं लिहिलीत का त्यांच्यावर?"

"माझ्या चिलटांचे डोळे पांढरे आहेत. ही लाल डोळ्यांची. गावठी."

मी भिंगातून बघितलं. खरंच लाल डोळे. मग हट्टाने त्यांच्या खोलीत जाऊन त्यांची बघितली. पांढरे, अगदी साबुदाण्यासारखे डोळे. आता समोरच्याने पुरावाच दिल्यावर भांडायचं कशावर? माझा राग निम्म्यात अडकला. तेवढ्यात सर म्हणाले, "आलाच आहात तर घसरगुंडी बघून जा." आणि मी, कामाचा एवढा ढीग पडलेला असताना, थांबले.

घसरगुंडी म्हणजे सरांनी कंदिलाच्या काचा एकीवर एक चिकटवून केलेला उंच मनोरा. आत तिरक्या तिरक्या जाळीच्या पायऱ्या. खालून दारूची वाफ सोडायची आणि वरून चिलटं. शुद्धीतलं चिलट पायरीला धरून राहतं, झिंगलेलं एकेक पायरी घसरत खाली येतं. सर स्टूलवर हातात घड्याळ घेऊन बसले. आधी चिलटांच्या अंगात वारं शिरलं. वर काय जातात, खाली काय येतात, एकमेकांच्या अंगावर काय चढतात. "हे वरातीतले पाहुणे," सर म्हणाले. मग एकाची चाल वाकडी झाली. एक पायरी चुकलं. एक पाठीवर पडलं आणि पाय हलवत राहिलं. शेवटी सगळी तळाशी, ओट्यावर आडव्या झालेल्या पुरुषांसारखी. मला हसू आवरेना.

"उद्या याच वेळेला या," सर म्हणाले. "खरी गंमत उद्या आहे."

दुसऱ्या दिवशी तीच चिलटं, तेवढीच वाफ. आणि काय सांगू, पडायचं नावच घेईनात. काल ज्या पायरीवरून लोळत आली होती तिथे आज ऐटीत उभी. सर स्टूलवरून उठले. मीही उठले. आम्ही दोघं त्या काचेला नाक लावून उभे होतो.

"बघितलंत? चिलट तेच, दारू तेवढीच. मग बदललं काय?" सरांनी स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं. "खसखशीएवढा मेंदू, वहिनी. पण त्यानेसुद्धा एका दिवसात आतलं सामान हलवलंन. आणि लोक माणसाला म्हणतात, तुझ्यात निर्धार नाही."

तेव्हापासून मला नाद लागला. हातातली उलथनी टाकून मी कुंपणापाशी जायची आणि विचारायची, "आज कोण पडलं?" आमचे हे म्हणायला लागले की तू आता परीक्षेला बस.

न्यूरोट्रान्समीटर म्हणजे टीव्हीचा काहीतरी भाग असावा अशी माझी समजूत होती. सरांनी ती दूर केली. ते म्हणाले, मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात ती ही रसायनं. त्यातल्या दोघी जावा आहेत. एकीचं नाव गाबा, दुसरीचं ग्लुटामेट. गाबा शांत. तिचं आपलं एकच, अगो बस जरा, गप हो, होईल सगळं. ग्लुटामेट पहाटेपासून, उठा, चला, कामं पडलीत. दोघी असतात म्हणून घर चालतं. दारू पोटात गेली की ती गाबाच्या बाजूने बोलायला लागते आणि ग्लुटामेटचं तोंड दाबते. म्हणून माणूस पहिल्यांदा पितो तेव्हा त्याला हलकं वाटतं, काळजी जाते, पाय लटपटतात.

"पण रोजच दारू यायला लागली," सर म्हणाले, "की मेंदू म्हणतो, गाबाचं काम बाहेरची बाई करतेय, मग हिचं कशाला ऐकायचं? तो तिच्याकडे कानाडोळा करतो. आणि ग्लुटामेट आपलं ऐकू जावं म्हणून आवाज चढवत राहते. म्हणजे तेवढ्याच दारूने आता काही होत नाही, जास्त लागते. आणि एक दिवस अचानक दारू बंद करा. गाबाला कुणी विचारत नाही, ग्लुटामेट बोंबलतेय. हात कापतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. आणि घरातली माणसं म्हणतात, नाटकं करतोय."

"आणि ते तिसरं काय ते? डोपामीन?"

"ते घरातलं पोर. खाऊची पिशवी नुसती वाजली की नाचायला लागतं. खाऊ तोंडात पडायच्या आधी. त्या पोराची भीती सगळ्यात जास्त, वहिनी. जावांची भांडणं महिन्या दोन महिन्यांत निवळतात. पोर मात्र पिशवीचा आवाज विसरत नाही."

सरांची एक खोड सांगायलाच हवी. त्यांना कुणाचं कौतुक करायचं झालं की ते म्हणतात, "तुमचं अगदी चिलटासारखं आहे हो." हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र. चारच्या ठोक्याला आमच्या ह्यांचा जीव चहासाठी कासावीस होतो, तेव्हा सर म्हणाले, "वा, अगदी चिलटासारखं." ह्यांनी आठवडाभर त्यांच्याकडे बघितलं नाही. मग ह्यांनीही सूड उगवला. सर एकदा सांगत होते की मादीने झिडकारलेला नर एरवीपेक्षा जास्त दारू पितो, चिलटांत तसं दिसून आलंय. हे म्हणाले, "मग सर, तुम्ही कसे कोरडे राहिलात?" सर जराही गडबडले नाहीत. "मी कुणाला विचारलंच नाही. त्यामुळे झिडकारलाही गेलो नाही. माझी नोंद वेगळ्या बरणीत." आम्ही हसलो आणि तेही हसले. पण त्या दिवशी मी त्यांना भरलेली वांगी जरा जास्तच पाठवली.

हे सगळं सर का करतात, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण हौशी माणसाला का विचारू नये. उत्तर आपोआप आलं, रिक्षातून उतरलं, आणि त्याचं नाव विशू.

विशू सरांचा धाकटा भाऊ. आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यापलीकडे त्यांची वाडी आहे, तिथेच राहणारा. उभा जन्म मच्छीमारीच्या बोटीवर गेलेला, तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणून नाव कमावलेला आणि दारूने ते सगळं घालवलेला. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. गेल्या गणपतीनंतर सरांनी त्याला उपचाराला ठेवलं आणि तिथून थेट आपल्याकडे आणलं. धिप्पाड माणूस, पण रिक्षातून उतरताना असा अंग चोरून उतरला की मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर बरण्यांची टोपली घेऊन माझ्या दारात. घसरगुंडी रात्रीच मोडून खोक्यात भरलेली. "वहिनी, घरात आता दारू नको. वासही नको. प्रयोग संपले. पण ह्यांना मारवत नाही हो." मी टोपलीकडे बघितलं. साबुदाण्याच्या डोळ्यांची सगळी मंडळी. आणि मी, जिच्या सात पिढ्यांनी चिलटं चपलेने मारली, तीच मी त्या बरण्या माझ्या कोठीच्या खोलीत फळीवर मांडल्या आणि दर आठवड्याला रवा शिजवून घालायला लागले. कुणाला सांगू नका, माझ्या आंबापोळ्यांचं गिऱ्हाईक तुटेल.

सरांनी विशूची जी काळजी घेतली तिला तोड नाही, आणि तिने विशू हैराण झाला. बाजारात जायचा रस्ता बदलला, कारण जुन्यावर दुकान लागतं. घरातले काचेचे ग्लास माझ्याकडे आले. कोकमाच्या बाटल्यासुद्धा आल्या, कारण आकार तसा. रोज सकाळी सर विचारणार, "विशू, आज ग्लुटामेट काय म्हणतेय?" शेवटी एकदा विशू म्हणाला, "दादा, मी मानूस हाय, चिलट नाय." सर म्हणाले, "चिलट असतास तर सोपं होतं रे." विशू पडवीत बसून जाळी विणायचा. माझी मलमलीची कापडं फाटली होती, ती त्याने एवढ्या बारीक टाक्याने शिवून दिली की शिवण शोधावी लागावी. हळूहळू हाताची थरथर गेली. चेहरा भरला. होळीला त्याने माझ्याकडे पुरणपोळ्या मागून खाल्ल्या. आम्हाला सगळ्यांनाच वाटायला लागलं की जमलं.

आणि मेच्या शेवटाला वाडीतल्या जाणत्या तात्यांचा फोन आला की राखण द्यायची आहे, विशूला पाठवा.

आमच्या कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. देव म्हणा, देवचार म्हणा. तो रात्री हातात काठी घेऊन हद्दीवरून फिरतो आणि घरादाराला जपतो अशी श्रद्धा. वर्षातून एकदा, आंबे उतरून झाले की मिरगाच्या आधी, त्याचा मान द्यायचा. कोंबडा, नारळ आणि दारू. मयेकरांच्या वाडीत रीत अशी की घरातला कर्ता पुरुष करवंटीतून दारूची धार झाडाखालच्या त्याच्या दगडावर धरतो आणि करवंटीत उरते ती स्वतः पिऊन रिकामी करतो. ती टाकायची नाही. टाकली तर त्याचा अपमान. सर शहरात आणि देव न मानणारे, म्हणून हा मान कितीतरी वर्षं विशूचा.

"तेच झाड," सर माझ्या ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. "तीच करवंटी, तोच वास, तीच माणसं. पिशवी वाजवायची तरी किती? एक घोट गेला की संपलं, वहिनी. पुन्हा पहिल्यापासून. आणि आता त्याचं यकृत पहिल्यापासून सुरू करण्यासारखं राहिलेलं नाही. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय."

"मग पाठवू नका."

"तो ऐकेल?"

विशू ऐकणार नव्हता. तो मला म्हणाला, "वैनी, बोट उलटायची येळ आली तवा मी त्यालाच हाक मारलेली. त्याचा मान चुकवून मी कसा जगू?" मग जाळ्याच्या गाठीकडे बघत म्हणाला, "पन खरा सांगू? मला दारूची भीती नाय वाटत. त्या झाडाखाली जायची वाटते."

ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही चौघं निघालो. पूल ओलांडला. मग सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "शहाळ्याचं पाणी द्यायचं असं ठरवलं होतं मी. पण एकदम बंद केली तर त्याला त्रास होईल." मी म्हटलं, "सर, विशूभावजींची तर बंद होऊन कितीतरी महिने झाले." सर म्हणाले, "विशूची नाही हो. राखणदाराची." ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

आईनाच्या झाडाखाली वाडीतले पुरुष जमले होते. बायकांनी तिथवर जायचं नसतं, म्हणून मी गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या भिंतीच्या, अलीकडे उभी राहिले. चिऱ्याचा तो गडगा कमरेएवढाच, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. शेंदूर लावलेला दगड, पाय बांधलेला कोंबडा, नारळ आणि गावठीची बाटली. देवापुढे गाऱ्हाणं तात्याच घालतात. त्यांनी करवंटी पुढे केली तशी सर मध्ये आले.

"तात्या, यंदा राखण मी देणार. थोरला मी आहे."

"तू? तू तर देव मानत नायस."

"तो मला मानतो की नाही ते तो बघेल. आणि दुसरं, यंदा धार निम्मी. बाकीचं शहाळ्याचं पाणी."

एकच गलका झाला. एक म्हातारा म्हणाला, शहरात राहून ह्याचं डोकं फिरलं. दुसरा म्हणाला, देवचाराने कौलं उडवली तर हा येणार आहे का शाकारायला? सर थांबले, आणि कॉलेजात वर्गाला गप्प करायचे तसा हात वर केला.

"मी बंद करा म्हणतोय का? अजिबात नाही. इतक्या पिढ्यांची त्याची सवय. एकदम तोडली तर त्याचे हातपाय कापतील. झोप उडेल. भलतंसलतं दिसायला लागेल. मग हद्दीवर काठी घेऊन कोण फिरणार? सवय उतरवायची तर पायरी पायरीने. यंदा निम्मी, पुढल्या साली पाव. त्याला कळणारही नाही."

तात्या हनुवटी खाजवत राहिले. "ह्यात तथ्य हाय," ते शेवटी म्हणाले. "माझ्या सासऱ्याची एकदम बंद केलेली, तवा तो तिन्हीसांजेला भिंतीवरचे सरडे मोजीत बसायचा. घरात सरडा नाय एक." दोघातिघांनी माना डोलावल्या. राखणदाराची अशी काळजी आजवर कुणी केली नव्हती, हे सगळ्यांना पटलं. मला गडग्याआड हसू फुटत होतं आणि मी पदर तोंडात धरला.

तेवढ्यात तात्यांनी बाटलीचं बूच काढलं.

वास माझ्यापर्यंत आला. मी विशूकडे बघितलं. तो जागेवरून हलला नव्हता. नजर करवंटीवर. आणि त्याचा उजवा हात, त्याच्या नकळत, पुढे झाला होता. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतके महिने, इतकी जाळी, ती पुरणपोळी, सगळं त्या हाताच्या बोटांवर येऊन थांबलं होतं. मी मनात त्या दगडाला हात जोडले.

सरांनीही तो हात बघितला. त्यांनी तात्यांकडून करवंटी घेतली आणि विशूच्या आणि बाटलीच्या मध्ये पाठ करून उभे राहिले. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, लेकरांनी दिलेला मान गोड करून घे, चुकली माकली पदरात घाल, आल्यागेल्याला सांभाळ. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सरांनी धार धरली, निम्मी. मग शहाळ्याचं पाणी. करवंटीत उरलेली दारू आता नेहमीच्या दुप्पट होती, कारण धार निम्मी केली तर मागे जास्त उरणार हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं. गणित त्यांच्या लक्षात आलेलं मी बघितलं. एक क्षण ते करवंटीत बघत राहिले. मग डोळे मिटले आणि काढा पितात तशी सगळी पिऊन टाकली.

सकाळपासून उपाशी माणूस, वजन पोत्याच्या निम्मं, आणि जन्मात पहिल्यांदा. घसरगुंडीत जे बघितलं तेच समोर व्हायला लागलं. आधी कान लाल झाले. मग सर हसले. कोंबड्याला म्हणाले, "तुलाही दोन जावा आहेत, माहीत आहे?" तात्या त्यांना बाजूला घ्यायला गेले तर त्यांनी हात सोडवून घेतला, दगडासमोर नीट उभे राहिले, हात जोडले आणि मोठ्या आवाजात स्वतःच गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा. दारू प्याली की मेंदू बदलतो."

रीत ती रीत. गाऱ्हाण्याला हुंकार द्यावाच लागतो. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"गाबाचं कुणी ऐकत नाही आणि ग्लुटामेट ओरडत राहते."

"व्हय म्हाराजा." एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण म्हणाले.

"चिलटालाही होतं. कोंबड्यालाही होईल. वाडीतल्या कुणालाही झालं असतं."

"व्हय म्हाराजा."

"आमचा बाप गेला तेव्हा हा विशू बोटीवर गेला. मला फी भरता यावी म्हणून. भर समुद्रात थंडीने अंग गोठायचं तेव्हा ह्याच्या हातात कुणी चहा नाही दिला, हीच दिली. आणि मी इथे पुस्तक वाचत होतो."

आता हुंकार हळू आला, पण आला.

"ह्या वाडीने त्याला बेवडा म्हटलं. आईला खांदा देऊ दिला नाही. तो वाईट माणूस नाही, म्हाराजा. आजारी माणूस आहे. त्याला ह्या वाडीत परत पंगतीला बसू दे."

कुणीतरी खाकरलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पहिला आवाज त्यांनीच दिला. "व्हय म्हाराजा." मग बाकीचे सगळे. गडग्याच्या अलीकडून मीही म्हणाले, बायकांनी म्हणायचं असतं की नाही कुणास ठाऊक.

सर आता डुलायला लागले होते. त्यांचा आवाज एकदम लहान झाला, एखाद्या पोराने आईच्या कानात सांगावं तसा.

"आणि म्हाराजा, त्याला आता नेऊ नकोस. मला दुसरं कुणी नाही."

ह्याला हुंकार कसा द्यायचा ते कुणाला कळेना. वरती आईनाची पानं तेवढी वाजत होती. मग मागून विशू पुढे आला. त्याने सरांच्या हातातली रिकामी करवंटी काढून घेतली, तिचा वास न घेता ती दगडावर पालथी घातली, आणि पडायच्या बेतात आलेल्या थोरल्या भावाला काखेत धरून सावरलं.

"व्हय म्हाराजा," तो एकटाच म्हणाला.